टिचकीचा आवाज

तिला सगळे विंचूताई म्हणत. विंच चालवते म्हणून विंचू. जिभेची नांगीही तशीच होती, त्यामुळे नाव चिकटलं ते सुटलंच नाही. शहर संपून शेतं सुरू होतात तिथे बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडर, उडवणाऱ्यांचं एक मैदान होतं. त्याच्या एका टोकाला, जुन्या ट्रकच्या पाठीवर, एक मोठं इंजिन बसवलेलं होतं. इंजिनाला ढोल जोडलेला आणि ढोलावर लांबच लांब पोलादी तार गुंडाळलेली. हीच ती विंच. तारेचं मोकळं टोक मैदानाच्या पार पलीकडे नेऊन ग्लायडरच्या पोटाशी अडकवायचं. इकडून विंचूताईनं ढोल फिरवला की तार सरसर आत यायची आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. डोक्यावर आलं की वैमानिक तार सोडून द्यायचा. तिथून पुढे तो, वारा आणि त्याचं नशीब.

त्या खुर्चीत तिच्याआधी तिचे वडील बसायचे. आई आधीच गेली होती. वडील गेले तेव्हा विंचूताई नुकती कुठे मोठी झाली होती आणि धाकटा भाऊ शाळेत होता. मैदानाच्या लोकांनी फार विचार केला नाही. तिला वडलांच्या शेजारी बसून लिव्हर ओढताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या हाती विंच दिली, आणि भाऊ तर आधीपासून तिच्या पदरात होताच. लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, माझ्या तारेच्या टोकाला रोज एकेक पुरुष असतो, आणि वर गेला की तोच मला सोडून देतो, आणखी काय हवं. लोक हसायचे. तीही हसायची.

भावाला कापूस म्हणत. अंगानं काडी. उडायला शिकायच्या वयाला आला तेव्हा सीटखाली शिशाच्या वड्या ठेवल्याशिवाय त्याला विमानात बसू देत नसत, कारण वजन कमी पडलं तर नाक वर उचलतं. विंचूताई म्हणायची, याच्या डोक्यात थोडं वजन असतं तर बुडाखाली ठेवावं लागलं नसतं. पण तो बसलेलं विमान ती वर ओढायची तेव्हा तिचा हात लिव्हरवर वेगळाच चालायचा. मैदानावरचे जाणते सांगायचे, कापूस वर जातोय हे न बघता, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कळतं.

या दोघांना आणखी एक माणूस होता. विमानं ठेवायच्या हँगरच्या मागे एक छोटी खोली होती, तिथे विमानांची यंत्रं दुरुस्त करणारे बसत. त्यांना घड्याळकाका म्हणत, कारण टेबलावर गोल तबकड्या आणि काटेच काटे असायचे. वडील गेल्यावर थंडीच्या दिवसांत शाळा सुटली की कापूस त्यांच्या खोलीत येऊन बसायचा, कारण तिथे शेगडी होती. काका बोलायचे कमी. त्यांच्याकडे काचेची एक मोठी बरणी होती. उंची दाखवणारा अल्टिमीटर त्या बरणीत ठेवून ते पंपानं आतली हवा काढून घ्यायचे. हवा विरळ झाली की काटा वर सरकायचा. टेबलावरून न हलता ते यंत्राला डोंगरावर नेऊन आणायचे, आणि कापूस हनुवटी टेबलाला टेकवून बघत राहायचा.

तिथेच तो पहिल्यांदा शिकला की हे यंत्र खरं म्हणजे उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगतं. सकाळी मैदानावर उभं असताना काटा शून्यावर लावायचा. पण दुपारून वादळ जवळ येऊ लागलं आणि हवेचा दाब उतरला, तर यंत्राला वाटतं आपण वर चढलो. विमान होतं तिथेच असतं, फक्त काटा खोटं बोलायला लागतो. दुसरी खोड काट्याची. इंजिनाच्या विमानात सगळं सतत थरथरत असतं, म्हणून काटा अडकत नाही. ग्लायडरमध्ये थरथर नसते. तिथे काटा जागच्या जागी चिकटून बसतो, आणि खाली येताना चिकटला तर आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. त्यावर उपाय साधा. आकडा वाचायच्या आधी काचेवर बोटानं टिचकी मारायची. काटा दचकल्यासारखा हलतो आणि खऱ्या जागी येतो. काकांनी कापसाला एवढंच बजावलं होतं, की टिचकी मारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

ज्याच्या विमानाला इंजिन आहे तो चुकला तर इंजिन जोरात करून वर जाऊ शकतो. ग्लायडरवाल्याची शिदोरी म्हणजे उंची. ती जितकी शिल्लक तितकंच अंतर कापता येतं. घर गाठता येईल की वाटेत एखाद्या कापलेल्या शेतात उतरून घ्यावं, हे त्यालाच ठरवायचं असतं, तेही वेळ हातात आहे तोवर. शेतात उतरण्यात कमीपणा नाही. लोक गाडी घेऊन येतात, चेष्टा करतात, पंख काढून विमान लादतात आणि घरी आणतात. पण आहे त्यापेक्षा जास्त शिल्लक आहे असं वाटलं, तर माणूस चांगलं शेत मागे टाकून पुढे जातो.

कापसाची टिचकी सगळ्या मैदानाला माहीत झाली होती, कारण त्याची पद्धत उलटी होती. तो आधी रेडिओचं बटण दाबायचा, मग काचेवर टकटक करायचा आणि मग आकडा सांगायचा. त्यामुळे रेडिओवर त्याच्या आवाजाआधी ती टकटक ऐकू यायची. कुणीतरी म्हणायचं, दार उघडा, कापूस आला. विंचूताईच्या ट्रकमध्येही रेडिओ असायचा. तिला ती टकटक इतकी सवयीची झाली होती की ती ऐकतेय हेसुद्धा तिच्या ध्यानात येत नसे.

त्या दिवशी कापूस डोंगराच्या पलीकडे, तळ्यापर्यंत जाऊन परत येणार होता. सकाळ छान होती. तिनं त्याला वर ओढलं, तार सुटली, आणि तो एका ढगाखाली गोल फिरत चढत गेला. दुपार झाली तशी उत्तरेला आभाळ काळवंडलं. हवा कुंद झाली. मैदानावरच्या रेडिओवाल्यानं दाब उतरल्याचं दोनदा सांगितलं, पण डोंगराच्या पलीकडे ते पोचलं नसावं. परतीची वाट डोंगरातल्या एका खिंडीतून होती. वारा समोरून, सूर्य उतरणीला आणि नेमका डोळ्यांत. डोंगराच्या त्या अंगाला हवा खाली कोसळत होती. खिंडीत शिरण्याआधी कापलेली मोठी शेतं होती, सपाट, हवी तितकी.

रेडिओवर त्याचा आवाज आला. खिंड समोर आहे, खिंडीच्या वर दोनशे मीटर आहे, सरळ येतो.

त्याआधी टकटक नव्हती.

विंचूताईला ते लगेच कळलं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं ना, तसं. माइक हाताशी होता. पण तारेला दुसरं विमान अडकवलेलं होतं, समोरून दिवा दाखवून ओढायची खूण झाली होती, आणि वैमानिकाशी बोलायचं काम रेडिओवाल्याचं, विंचवाल्याचं नव्हे, असा तिथला दंडक होता. तिनं लिव्हर ओढला. विमान वर चढवलं. तार सुटली, ढोल थांबवला. मग माइक उचलून त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही.

तो खिंडीतल्या झाडांच्या शेंड्यांत अडकला आणि तिथून खाली आला. वनरक्षकांनी त्याला काढलं. जीव वाचला, पण कणा मोडला, कंबरेखाली काही उरलं नाही.

इस्पितळात तो काही दिवसांनी शुद्धीवर आला. विंचूताई शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून असायची. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, की आता चालणं नाही, आणि असली माणसं पहिल्या वर्षात खचतात, तेव्हा मनाला जपा. ती आत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"ताई, मी टिचकी मारली होती का?"

तिला वाटलं होतं तो पायांबद्दल विचारेल. त्याची तयारी तिनं केली होती. याची केली नव्हती.

"मला आठवतच नाही," तो म्हणाला. "हात नेहमी आपोआप जातो. पण त्या वेळी गेला का, ते नाही आठवत. तू रेडिओ ऐकत होतीस."

"मारली होतीस," ती म्हणाली. "मी ऐकली."

त्यानं डोळे मिटले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं भिंतीला पाठ टेकली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाचं काय जात होतं.

चौकशीला मुख्य कार्यालयातून तीन माणसं आली. सभ्य होती. मोडलेल्या विमानातून अल्टिमीटर मात्र धड निघाला होता. त्यांनी तो तपासला. हिशेब उलगडत गेला तो असा, की दाब उतरल्यामुळे काटा बराच वर दाखवत होता, पण तेवढ्यानं विमान झाडांना लागलं नसतं. बाकीचा फरक अडकलेल्या काट्याचा. तपासताना काटा थोडा चिकटायचा आणि टिचकी मारली की सुटायचा. म्हणजे एकतर वैमानिकानं टिचकी मारली नाही. नाहीतर मारूनही काटा सुटला नाही, आणि मग असलं यंत्र चांगलं म्हणून विमानात बसवणाऱ्याचा दोष. रेडिओवाला त्या वेळी वादळाच्या बातमीत गुंतला होता, त्याला आठवत नव्हतं. वर असलेल्या दुसऱ्या वैमानिकांनाही आठवत नव्हतं.

मग त्यांनी विंचूताईला बोलावलं. हँगरमध्ये टेबल मांडलं होतं. कापसानं इस्पितळातून आधीच सांगून ठेवलं होतं, की मी टिचकी मारली होती, बहिणीनं ऐकली. त्यातल्या वयस्क माणसानं तिला शांतपणे विचारलं, आवाज आला होता का. घड्याळकाका भिंतीशी उभे होते, हातात टोपी धरून. तिनं त्यांच्याकडे न बघायचं ठरवलं होतं, तरी पाहिलं. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या अल्टिमीटरकडे बघत होते.

आता नाही म्हणावं तर ते आज ना उद्या कापसाच्या कानावर जाणार. तो खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहणार, आणि आपले पाय आपल्याच एका बोटानं घालवले हे त्याला जन्मभर पुरणार.

"आला होता," ती म्हणाली.

काकांवर ओरडलं कुणीच नाही. त्यांचा परवाना काढून घेतला. खोलीला कुलूप लागलं. यंत्रं दुसऱ्या शहरात तपासायला जाऊ लागली. मैदानावरची माणसं काही दिवस कुजबुजली, म्हातारपणी हात कापत असतील, डोळ्याला दिसत नसेल, असं म्हणाली आणि मग विसरली. काका शेवटच्या दिवशी आपला डबा आणि चष्म्याचं घर घेऊन विंचच्या ट्रकवरून गेले. तिला वाटलं थांबतील. ते थांबले नाहीत.

कापूस घरी आला. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट लावली. सकाळी त्याला पुसायचं, कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेल लावायचं, खायला घालायचं आणि मैदानावर जायचं. शेजारीण दुपारी एकदा डोकावून जायची. पहिले काही महिने तो यंत्राला शिव्या घालायचा. मग काकांना घालू लागला. बघ, म्हणायचा, लहानपणापासून ज्या माणसावर विश्वास ठेवला त्यानं असा घात केला. त्यात त्याला एक प्रकारचा जोम यायचा, दोन घास जास्त जायचे. विंचूताई ताटलीकडे बघत राहायची. तिच्या जिभेची नांगी त्या घरात कधीच गळून पडली होती. मैदानावर लोक म्हणू लागले, विंचू आता डसत नाही.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी ती काकांच्या घरी गेली. दार काकांनीच उघडलं. आत ये, म्हणाले नाहीत, पण बाजूला झाले. काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. बसायच्या खोलीत एकही घड्याळ नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. काका वाळले होते. तिनं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरली आणि एका दमात सांगून टाकलं, की आवाज आला नव्हता, मी खोटं बोलले.

काका आपल्या हातांकडे बघत ऐकत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तो काटा मी स्वतः तपासला होता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझा काटा खरा, ही पोरगी खोटी? तुझ्या बापाशेजारी बसून जेवलोय मी." ते थांबले. तिला वाटलं, आता ते काहीतरी मायेचं बोलतील. पण त्यांचा आवाज कोरडाच राहिला. "हे तू मला कशाला सांगतेस? माझं मन हलकं व्हावं म्हणून, की तुझं? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

ती सांगायला गेली. मैदानाच्या प्रमुखांनी ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि समजुतीच्या सुरात तिला अडवलं. प्रकरण मिटलंय. आता शब्द फिरवलास तर आधी खोटं बोललीस की आता बोलतेस हे कोण ठरवणार. काका काही आता परत येऊन काम करायच्या वयाचे नाहीत. आणि भावाचं काय होईल याचा विचार केलास का. सगळं खरंच होतं. तरीही ती म्हणाली, आधी भावाला सांगते, मग बघू.

संध्याकाळी ती खाटेच्या कडेवर बसली. कापूस खिडकीबाहेर बघत होता. तिनं सांगितलं. यावेळी सावकाश सांगितलं, काहीही न गाळता. आवाज आला नाही हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं, माइक हाताशी होता, आणि आपण आधी दुसरं विमान ओढलं, हेही सांगितलं.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडावं असंही वाटलं होतं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी रोजचा होता.

"मला आठवतं ते असं," तो म्हणाला. "उजवा हात विमान वळवायच्या दांड्यावर होता. डावा डोळ्यांवर धरला होता, ऊन अडवायला. बटण दाबायला तो खाली आणला आणि लगेच पुन्हा डोळ्यांवर नेला. इस्पितळात तुला विचारलं तेव्हाही आठवत होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"मला आठवतं ते खरं नाही, असं कुणीतरी म्हणावं म्हणून." मग तो म्हणाला, "तू हो म्हणालीस. मला वाटलं, बरं झालं. मग मलाही हळूहळू ऐकू यायला लागला तो आवाज. ताई, तो राहू दे. कुणाला काही सांगू नकोस. एवढंच आहे माझ्याकडे."

"आणि काका?"

त्यावर त्यानं तोंड भिंतीकडे केलं. कंबरेवरचं अंग तेवढं त्याचं त्याला वळवता येत होतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाईन, पुढच्या आठवड्यात जाईन, असं काही दिवस मनाशी म्हणत राहिली, मग म्हणणंही बंद झालं. काका आणि काकू लेकीकडे राहायला गेले, कुठल्या गावी ते तिनं विचारलं नाही. काका तिकडेच वारल्याचं तिला बऱ्याच उशिरा, बोलण्या बोलण्यात कुणाकडून तरी कळलं. ती ढोलावर तार नीट बसतेय का बघत होती. हं, म्हणाली आणि बघत राहिली. घरी तिनं ते सांगितलं नाही. कापसानंही काकांचं नाव त्या संध्याकाळनंतर कधी काढलं नव्हतं, शिव्या द्यायलासुद्धा नाही. आणि ते नाव गेलं तसा त्याचा जोमही गेला. दोघं जेवायची, दिवा मालवायची, झोपायची. एकमेकांना काही विचारायला दोघंही भीत होती.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या पाठीची जखम चिघळली. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं अशीच जातात, तुम्ही फार केलंत. तो गेला तेव्हा त्याला उचलायला दोन माणसं पुष्कळ झाली.

मैदानावरची माणसं भेटायला आली. दोन खोल्यांत मावेनात, काही जिन्यात उभी राहिली. बरेचजण नवे होते, त्यांनी कापसाला उडताना पाहिलंही नव्हतं, पण सगळ्यांना हकीकत ठाऊक होती. अलीकडेच शिकवायला आलेला एक वैमानिक तिच्याजवळ येऊन बसला. मनापासून बोलत होता. म्हणाला, की तो शिकणाऱ्या प्रत्येकाला कापसाची गोष्ट सांगतो. पोरगा टिचकी मारून, नियम पाळून येत होता, यंत्रानंच दगा दिला. म्हणून एका काट्यावर कधी विसंबू नका, दाब पुन्हा पुन्हा विचारा, आणि शंका आली की शेतात उतरा. त्याचं जाणं अगदीच वाया गेलं नाही, असं समजा. तुम्ही स्वतः ऐकली होती ना टिचकी, त्यानं विचारलं.

जिन्यातली माणसंही तिच्याकडे बघू लागली.

"हो," विंचूताई म्हणाली.

त्यानं तिचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. तिला तो सोडवून घ्यायचा होता, पण कसा सोडवावा हे तिला सुचलं नाही.